रात्री सिस्टर किती?

माझ्या मामांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा ऊसतोड चालू होती. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच सकाळी गेली. काही दिवस आयसीयूत, काही दिवस वॉर्डात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, आता पुनर्वसनाच्या दवाखान्यात न्या. घरच्यांना वाटलं, राहिलेलं काम तिथली यंत्रं करतील.

तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या वेळी भांडण पेटलं. मामी भात कालवून, घास करून मामांच्या तोंडाशी नेत होती. सिस्टर आली आणि तिने मामीचा हात मनगटापाशी धरला.

"मामी, चमचा त्यांच्या हातात द्या."

"उजवा हात उचलतोय व्हय त्यांचा?"

"डाव्या हातात द्या."

"डाव्या हातानं जेवायचं? आवं, घरात पोरांनी डावा हात ताटात घातला तर हेच वरडायचे."

"आता हाच हात शिकणार. सांडू द्या."

"अर्धा तास लागतोय वाटीभर भाताला. गार हुतोय."

"होऊ द्या."

मामीचा संयम संपला. "मग तुमी पगार कशाचा घेता? पेशंटला दोन घास भरवाया नगंत?"

सिस्टर उलट काहीच बोलली नाही. तिने मामांना सरळ बसवलं, पाठीमागे उशी खोचली आणि ताट घसरू नये म्हणून खाली ओला नॅपकिन घातला. निर्जीव उजवा हात उचलून ताटाशेजारी, त्यांच्या नजरेसमोर ठेवला. "काका, हनुवटी खाली. आता गिळा," एवढंच म्हणाली. आणि थांबली. चमचा दोनदा गालाला लागला, एकदा नाकाला. चौथ्या खेपेला तोंडात गेला. मामांनी मान वर केली आणि पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्याला डोळा भिडवला.

मामीची बाजू मला कळते. चाळीस वर्षं ज्या माणसाला वाढलं, त्याला धडपडताना बघत नुसतं बसायचं, ही शिक्षाच आहे. पण आपल्याकडे सेवा म्हणजे भरवणं, आंघोळ घालणं, पाय चेपणं. जी नर्स हे करत नाही, ती आळशी ठरते. या एका गैरसमजाखाली पुनर्वसनाच्या दवाखान्यातली प्रत्येक नर्स रोज भरडली जाते. इतर वॉर्डात नर्स रुग्णासाठी करते, इथे ती रुग्णाला करू देते. शर्टाचं एक बटण तिने लावलं तर तीन सेकंदांचं काम, त्याने लावलं तर दहा मिनिटं. ती दहा मिनिटं समोर उभं राहायचं, हात पुढे करायचा नाही आणि चेहऱ्यावर घाई दिसू द्यायची नाही. मागे आणखी अकरा पेशंट वाट बघत असताना हे करून दाखवा, मग पगाराचं विचारा.

आता तिचा रात्रीचा हिशेब मांडतो. मणका दुखावून कमरेखाली संवेदना गेलेला माणूस झोपेत कूस बदलत नाही. आपण रात्रीत कितीदा वळतो ते आपल्याला कळतही नाही, कारण कातडी आतून ओरडते आणि शरीर वळतं. त्याची कातडी ओरडते, पण निरोप वर पोचत नाही. म्हणून त्याला दर दोन तासांनी दुसऱ्याने वळवायचं. मणका ताजा दुखावलेला असेल तर तीन-चार जणांनी मिळून, ओंडका फिरवतात तसं डोकं-खांदा-कंबर एका रेषेत ठेवून. गुडघ्यांमध्ये उशी आणि टाचा गादीवरून अधांतरी. चादरीला सुरकुती नको, खाली बिस्किटाचा चुरा नको, लघवीच्या पिशवीची नळी मांडीखाली दबलेली नको. एका पेशंटला दहा मिनिटं धरू. असे बारा पेशंट म्हणजे एकशेवीस मिनिटं. बाराव्याची उशी लावून होते तोवर पहिल्याची वेळ झालेली असते. औषधं, रिपोर्ट, फोन, नवीन भरती हे सगळं या हिशेबाच्या बाहेर. ती चहा कधी पिते, हे मला अजून सापडलेलं नाही.

आणि वळवणं म्हणजे नुसतं वळवणं नाही. प्रत्येक वेळी ती पाठ बघते. माकडहाड, नितंबाची हाडं, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू. लाल डाग दिसला की बोटाने दाबते. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर तिथली कातडी मरायला लागली आहे. आपल्या सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून ती हाताची पाठ लावून बघते. आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, टणक लागतंय का? रात्री दोन वाजता, मंद दिव्यात, हाताच्या पाठीने केलेली ही तपासणी आहे. ती एकदा चुकली की आठवडाभरात मूठ जाईल एवढं भोक पडू शकतं आणि भरायला महिने लागतात. त्या महिन्यांत व्यायाम बंद, बसणं बंद, खुर्ची बंद. म्हणजे पुनर्वसनच बंद.

या वळवण्याची किंमत वैद्यकाला कळायला दुसरं महायुद्ध लागलं. तोवर मणक्याला मार लागलेला माणूस मरायचाच, हे सगळे धरून चालत. पाठीच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग, या दोन गोष्टींनी तो जायचा. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मॅन्डेव्हिल इथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी मणक्याच्या रुग्णांसाठी खास विभाग उघडला. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले हे गृहस्थ. त्यांनी नियम घातला की दिवस असो, रात्र असो, दर दोन तासांनी रुग्ण वळवायचा. वळवणारे हात अर्थातच नर्सचे आणि ऑर्डर्लींचे. रुग्ण जगायला लागले. जगले म्हणून कंटाळायला लागले, कंटाळले म्हणून खेळायला लागले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्या दवाखान्याच्या आवारात खुर्चीवरच्या सोळा जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पुढे त्याचंच पॅरालिंपिक झालं.

आता सांगलीकरांनी कान द्यावा. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण देणारा माणूस आपल्या पेठ-इस्लामपूरचा. मुरलीकांत पेटकर. सैन्यातला बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झालेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला आणि गावोगाव टाळ्या पडल्या. पडायलाच हव्यात. पण गोळी लागलेला जवान दवाखान्यातून उठून थेट पोहण्याच्या तलावात जात नाही. मध्ये महिनोन्‌महिने अंथरूण असतं. त्या काळात पाठ शाबूत राहिली, मूत्रपिंडं शाबूत राहिली, तरच पुढे पाणी, पोहणं आणि पदक. कोणीतरी ती शाबूत ठेवलेली असतात. या माणसांची नावं सिनेमाच्या पाट्यांत येत नाहीत.

साताऱ्यालाही हे नवीन नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे जायबंदी होऊन परतलेला जवान घराघराच्या आठवणीत आहे. सैन्याने पुनर्वसनाची गरज नागरी आरोग्यव्यवस्थेच्या कितीतरी आधी ओळखली. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवायला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १९७४ साली खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. आणि आंब्याच्या झाडावरून पडलेला, खंबाटकी घाटात दुचाकी घसरलेला, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला आपला साधा माणूस? त्याचं ऑपरेशन कऱ्हाडात, मिरजेत उत्तम होतं. एवढ्या ऑपरेशन थिएटरांचा हा पट्टा आहे. टाके निघाले की त्याला जीपमध्ये आडवा घालून घरी नेतात. ऑपरेशनला लागलेले तास आपण मोजतो, पुढची वर्षं घरच्या बाईवर सोडून देतो. पुनर्वसनासाठी खाट शोधायची झाली तर बहुतेकांना पुण्या-मुंबईचंच नाव सांगितलं जातं.

मिरजेला तर ही विद्या माहीत असायला हवी होती. १८९४ साली विल्यम वानलेस यांनी इथे मिशनचा दवाखाना उभा केला आणि त्या परंपरेत नर्स घडल्या. इथेच रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे. कुष्ठरोगात हातापायाची संवेदना जाते, चटका कळत नाही, खिळा टोचलेला कळत नाही. त्या रुग्णाला शिकवायचा पहिला धडा असा की पाय रोज बघा, आरसा धरून तळवा बघा, दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका. मणक्याच्या रुग्णालाही हाच धडा द्यायचा असतो. म्हणजे पुनर्वसन परिचर्या हे परदेशातून आणायचं कौतुक नाही. ती आपल्या गावात मुरलेली विद्या आहे. ती आपण पुढच्या वॉर्डात नेली नाही, एवढंच.

मामांच्या वॉर्डातल्या त्या सिस्टरशी पुढे ओळख झाली. एकदा नाइट संपवून हँडओव्हर देऊन ती बाहेर बाकावर बसली होती. मी विचारलं, सगळ्यात भीती कशाची वाटते? मला वाटलं, ती मारामारी करणाऱ्या नातेवाइकांचं नाव घेईल. ती म्हणाली, "डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मणक्याच्या पेशंटची." मला कळलं नाही. तिने समजावलं. छातीच्या मध्याच्या वर मणका दुखावलेला असेल आणि मूत्राशय तुंबलं, नळी पिळली गेली किंवा शौचाचा खडा अडकला, तर शरीर खालून बोंब ठोकतं, मेंदूला नीट कळत नाही आणि रक्तदाब एकदम चढतो. पेशंट म्हणतो, डोकं फुटतंय. चेहऱ्यावर घाम, मान लाल. नवखी नर्स डोकेदुखीची गोळी देईल. जाणती नर्स आधी त्याला उठवून बसवते, कपडे सैल करते आणि नळी बघते. पिळलेली नळी सरळ केली की दाब उतरायला लागतो. नाही बघितली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नळीला पडलेला एक पीळ आणि तो हुडकणारी नजर, यावर जीव.

"आणि त्रास कशाचा होतो?"

"रात्री तीनला पोरं विचारतात त्याचा."

वीस-बावीस वर्षांची पोरं. दिवसा मित्र येतात, हसतात, मोबाइल बघतात. रात्री तीनला वॉर्ड झोपल्यावर ते हळूच हाक मारतात. सिस्टर, मी परत चालणार का? सिस्टर, माझं लग्न होईल का? मूल होईल का? हे आईला विचारता येत नाही, डॉक्टरांचा राउंड पाच मिनिटांचा, त्यात सगळे शिकाऊ उभे. मग जी दोन तासांपूर्वी लघवीची नळी घालून गेली, तिलाच विचारतात, कारण तिच्यापासून लपवायला काही उरलेलं नसतं. खोटं बोलायचं नाही आणि आशा मोडायची नाही. हे कोणत्या पुस्तकात शिकवतात? ती म्हणाली, "मी सांगते, मला माहीत नाही, पण उद्या सकाळी खुर्चीवर स्वतः बसायचं तुझं ठरलंय. तेवढं करू."

शिव्याही तीच खाते. मेंदूचा डावा भाग दुखावलेल्या माणसाला पाणी हा शब्द सापडत नाही, पण शिवी अस्खलित येते. सवयीने बसलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतात. शिव्या, आकडे, प्रार्थना. माझे मामा वारकरी. महिनाभर त्यांच्या तोंडून दोनच गोष्टी निघायच्या. एक आयमाईवरची शिवी आणि दुसरं 'राम कृष्ण हरी'. शिवी दिली की मामी रडायची. सिस्टरने मामीला बाजूला घेऊन सांगितलं, शिवी नाही ती, त्यांना तहान लागलीय. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः कॉटपाशी उभी राहून 'राम कृष्ण' एवढंच म्हणायची आणि थांबायची. मामा 'हरी' म्हणायचे. पुढच्या पायरीला पाण्याचा पेला पुढे धरून 'पा' म्हणायची आणि थांबायची. त्या दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायचे. मधले पाच दिवस वाचा सिस्टरने सांभाळली.

एवढं सगळं करणाऱ्या बाईला कायदा काय म्हणतो? १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. त्यात पुनर्वसन व्यावसायिक कोण, याची सोळा प्रकारांची यादी आहे. वाचातज्ज्ञ आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत, कृत्रिम हातपाय बनवणारे आहेत, कार्यशाळेचे व्यवस्थापकही आहेत. नर्स नाही. त्यावर उत्तर मिळतं की नर्ससाठी वेगळा कायदा आणि वेगळी परिषद आहे. असेल. पण त्या परिषदेने ऑर्थोपेडिक आणि पुनर्वसन परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम आखून ठेवला आहे, आणि तुम्ही कधी आपल्या भागातल्या पेपरात 'पुनर्वसन परिचर्येची पदविका आवश्यक' अशी जाहिरात वाचली आहे का? मी वर्षानुवर्षं जाहिराती बघतो आहे, माझ्या नजरेला एकही पडलेली नाही. 'जीएनएम, अनुभवाची गरज नाही, राहण्याची सोय' एवढंच. अनुभवाची गरज नाही! पिळलेली नळी ओळखायला.

पगाराचं तर लाज आणणारं आहे. २९ जानेवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना किमान वीस हजार द्या, दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या. शिफारशी राज्यांकडे गेल्या. दशक होत आलं. आपल्या गावातल्या कोणत्याही लहान दवाखान्यातल्या नर्सला एकांतात विचारा, हातात किती पडतात. आकडा मी छापत नाही, तुम्ही स्वतः ऐका.

संख्येचंही तेच. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या वॉर्डासाठी आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक. हेसुद्धा कागदावर. त्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला, दुसऱ्या दिवशी स्वतः संडासला जाणारा रुग्ण एक धरला जातो आणि ऐंशी किलोचा, मानेखाली लुळा गडीही एकच धरला जातो. दुसऱ्याला उचलताना बाईच्या कमरेचं काय होतं? ती पंचेचाळिशीला पोचेपर्यंत पट्टा बांधून ड्यूटी करते. रुग्ण उचलायचे यांत्रिक पाळणे मिळतात. दवाखान्याने नवीन मशीन घेतलं की बाहेर फ्लेक्स लागतो, हे पाळणे मात्र खरेदीच्या यादीत शेवटी राहतात. माणसांना पायावर उभं करणारी बाई स्वतःच्या मणक्याने त्याची भरपाई करते आणि आपण बारा मेला, परिचारिका दिनी, तिला गुलाब देतो.

गुलाब नकोत. साताऱ्यात आणि मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दोन्हीकडे पुनर्वसनाचा स्वतंत्र वॉर्ड असावा, तिथे पदविका घेतलेल्या नर्सची कायम पदं असावीत, कंत्राटी नव्हेत, आणि रुग्ण किती जड कामाचा आहे हे बघून संख्या ठरावी. घरी सोडण्याआधी घरच्या दोन माणसांना वळवणं, पाठ बघणं, नळी सांभाळणं सिस्टरने हाताला धरून शिकवावं आणि त्या शिकवण्याचा वेळ तिच्या ड्यूटीत मोजावा. आमदार-खासदारांनी हे मागावं. उद्घाटनाची फीत मशीनला बांधता येते तशी वॉर्डालाही बांधता येते.

मामा आता काठी घेऊन बांधापर्यंत जातात. जेवतात डाव्याच हाताने. मामी समोर बसते, हात मांडीवर ठेवून.

तुमच्या घरातलं कोणी अशा दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर काउंटरवर एसी रूमचा दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारा. रात्री वॉर्डात पेशंट किती आणि सिस्टर किती? उत्तर देणाऱ्याने विषय बदलला, तर दुसरा दवाखाना बघा.